छत्रीभाऊ आणि किनवटचे सहा धडे

छत्रीभाऊ वायर दातांनी सोलायचे. खिशात पक्कड असायची, पट्ट्याला कटर लटकलेला असायचा, पण वायर हातात आली की ती थेट दाढेखाली जायची. एक झटका, की वरचं काळं प्लास्टिक तोंडात आणि तांब्याची तार हातात. मग ते प्लास्टिक जिथं उभे असतील तिथं थुंकायचं. तुमचं अंगण असो, गच्ची असो, नाहीतर तुळशीची कुंडी. लातुरातल्या आमच्या गल्लीत कोणाकडे नवं कनेक्शन आलं, हे झाडणाऱ्या बाईला सगळ्यांत आधी कळायचं. तेव्हा मला या सवयीचं हसू यायचं. आता त्यांची आठवण झाली की ते थुंकणंच आधी डोळ्यांपुढे येतं आणि हसू येत नाही.

त्यांचं खरं नाव गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे डिश अँटेनाला छत्री म्हणायचे, आणि लातुरातली पहिलीवहिली मोठी छत्री यांनी बसवली, म्हणून ते छत्रीभाऊ. मूळचे रेणापूरचे. तिथं रेडिओ दुरुस्तीचं एक खोलीएवढं दुकान होतं. ते गुंडाळून लातुरात आले आणि खांबाखांबावरून तारा ओढून घराघरात केबल द्यायला लागले. मी कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचो. माझ्या घरी कनेक्शन द्यायला आले तेव्हा तारेतून चित्र कसं येतं हे त्यांनी मला विचारलं. मी अर्धा तास समजावून सांगितलं. ते उकिडवे बसून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सर, वीस वर्षं हात घालून राहिलो यात, पण आत काय चालतंय ते आज पहिल्यांदा कुणी सांगितलं." त्या दिवसापासून आमचं जमलं. हे सगळं प्रेमानं लिहायचं ठरवून बसलो आहे. अर्धं लिहिता येईल. उरलेल्या अर्ध्यात मी मधूनच उठून चूळ भरून आलो, तर वाचकांनी समजून घ्यावं.

भूकंप झाला त्या वर्षीचे छत्रीभाऊ पाहिलेला माणूस त्यांना वाईट म्हणूच शकत नाही. किल्लारीकडून जखमींचे ट्रक लातूरच्या दवाखान्यात येत होते आणि त्यांच्यामागून त्यांचे नातेवाईक, कोण जिवंत आहे कोण नाही हे शोधत. आम्ही सगळे घरं सोडून मैदानात ताडपत्रीखाली राहत होतो. छत्रीभाऊ रोज सकाळी दवाखान्यात जायचे आणि प्रत्येक खाटेवरच्या माणसाचं नाव, गाव आणि वॉर्ड वहीत लिहून आणायचे. मग शाळेतला एक काळा फळा मिळवून त्यावर खडूनं ती नावं लिहायची, लग्नाचं शूटिंग करायचा कॅमेरा समोर लावायचा आणि ते चित्र मैदानातल्या हातगाड्यावर ठेवलेल्या टीव्हीवर सोडायचं. शंभर-शंभर माणसं त्या टीव्हीपुढे श्वास रोखून उभी असायची. सास्तूरकडची एक बाई आपल्या भावाचं नाव वाचून मटकन खाली बसली आणि मग उठून दवाखान्याकडे पळत सुटली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या दिवसांत त्यांनी मैदानात कोणाकडचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी एकदा चहाचा पेला पुढे केला तर म्हणाले, "सर, ज्याला छप्पर न्हाई त्याच्याकडं चहा घ्यायचा म्हंजे हरामीपणा हाय." तो पेला तसाच गार झाला. लातूरनं या माणसाला मनात जागा दिली ती तेव्हा. पुढं त्यांनी काहीही केलं तरी आमची ती पिढी म्हणायची, जाऊ द्या, फळा धरला होता त्यानं.

दुसरी गोष्ट परीक्षेची. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण लातुरात केबलवाल्याची किंमत केबल चालू ठेवण्यावर नव्हती, बंद करण्यावर होती. बोर्डाची परीक्षा जवळ आली की आया त्यांच्या दुकानापुढे उभ्या राहायच्या. "भाऊ, आमचं बंद करा हो. पोराची दहावी हाय." आणि छत्रीभाऊ स्वतः खांबावर चढून त्या घराची तार सोडवायचे, तिच्या टोकाला लाल चिंधी बांधायचे. पोरानं बापाच्या कितीही विनवण्या केल्या तरी शेवटचा पेपर होईपर्यंत ती चिंधी सुटायची नाही. पुढंपुढं तर लाल चिंधी ही इभ्रतीची गोष्ट झाली. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा सहावीत होता, तरी त्यांनी चिंधी बांधून घेतली. छत्रीभाऊंनी हसू दाबत ती बांधली आणि खाली उतरून मला हळूच म्हणाले, "सर, चालू तर कुणीबी करतंय. बंद करणाऱ्यावर लोकांचा इस्वास बसतो."

मला हे वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. मी ते वर्गात पोरांना सांगायचो, मोह टाळण्याचा दाखला म्हणून. काय मूर्ख होतो मी!

मग क्लासेसचे दिवस आले. नांदेड, परभणी, बीडकडची पोरं लोंढ्यानं लातुरात यायला लागली. मीही कॉलेज सांभाळून एक क्लास काढला, प्रत्येक घरमालकानं गच्चीवर पत्र्याच्या खोल्या काढल्या, प्रत्येक चौकात गुणवंतांचे फोटो लागले आणि पॅटर्न हा शब्द भाजीवालीच्या तोंडीसुद्धा बसला. पत्र्याच्या खोल्यांत राहणारी पोरं टीव्ही बघत नाहीत, म्हणजे केबलचा धंदा बसणार, हे छत्रीभाऊंनी आमच्याआधी ओळखलं. एका दुपारी ते माझ्याकडे आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "सर, सगळी पोरं लातूरला येऊन राहिलीत. ज्याची ऐपत न्हाई त्याचं काय? आपण लातूरच उचलून त्याच्या गावात नेऊ."

त्यांच्या डोक्यात उपग्रह होता. हैदराबादच्या कोणाशी तरी बोलून त्यांनी उपग्रहावर रोजचे काही तास भाड्यानं घेतले आणि स्वतःची वाहिनी काढली. आश्रमशाळा, वसतिगृहं, तालुक्याच्या ठिकाणची कॉलेजं यांनी एक छत्री विकत घ्यायची, भिंतीवर टीव्ही लावायचा आणि रोज अकरा वाजता लातूरचा सर, म्हणजे मी, त्यांना भौतिकशास्त्र शिकवणार. पुस्तक इंग्रजी, बोलणं मराठी. उद्घाटनाला मंडपात मोठा पडदा लावला होता आणि त्यावर आधी काय दाखवलं, तर भूकंपातला तो फळा. खडूची नावं, टीव्हीपुढची माणसं, पळत सुटलेली ती सास्तूरची बाई. आणि खाली पट्टी : 'तेव्हाही आम्ही, आजही आम्ही'. मला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. त्या बाईला कोणी विचारलं होतं का? पण टाळ्या इतक्या वाजल्या की मीही वाजवल्या. तिथंच उठून गेलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

शूटिंग त्यांच्या दुकानावरच्या खोलीत व्हायचं. भिंतीला हिरवा कपडा, खिडक्या बंद आणि आवाज येतो म्हणून पंखाही बंद. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दर दहा मिनिटांनी येऊन माझ्या कपाळावरचा घाम टिपून पावडर लावून जायची. कॅमेऱ्यामागे छत्रीभाऊ स्वतः उभे राहायचे आणि धडा अगदी मन लावून ऐकायचे. नाही कळलं तर हात वर करायचे. "सर, परत घ्या. मला कळलं म्हंजे किनवटला कळलं." वर्तुळाकार गती, गुरुत्वाकर्षण, परिवलन, दोलन, स्थितिस्थापकता, पृष्ठताण असे सहा धडे आम्ही दिवाळीपर्यंत भरले. पृष्ठताणाच्या वेळी वहिनीच्या स्टीलच्या वाटीत मी पाण्यावर सुई तरंगवून दाखवली, तर छत्रीभाऊ कॅमेरा सोडून वाटीपाशी आले आणि लहान पोरासारखे बघत राहिले. मला इतका चांगला विद्यार्थी पुन्हा मिळाला नाही, हे मी आजही म्हणतो.

किनवटचं मुलींचं वसतिगृह मी त्यांना मिळवून दिलं. हे वाक्य दोनदा वाचावं, कारण सगळं यावर आहे. तिथल्या अधीक्षिका बाई छत्री घ्यायला तयार नव्हत्या. त्या मराठीच्या शिक्षिका, स्वभावानं सावध. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा कैक दिवस रिकामी, बारावी सायन्सच्या मुली जंगलातल्या गावांतून आलेल्या. शूटिंग सुरू व्हायच्या आधी छत्रीभाऊ मला जीपमध्ये घालून घेऊन गेले. मुली सतरंजीवर बसल्या होत्या. सुमित्रा नावाची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मला नर्सिंगला जायचं हाय. फिजिक्समध्ये पास व्हावंच लागतं म्हणतात. टीव्हीवर पाहून होते का जी पास?" मी म्हणालो, "मी शिकवणार आहे ना? मग होणारच." बाईंनी माझ्याकडे बघून सही केली. छत्रीभाऊंकडे बघून नाही.

दिवाळीनंतर शूटिंगचं बोलावणं आलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मशीन रिपेरीला गेलंय, सर." पुन्हा विचारलं तर म्हणाले, "दुसरे एक सर धरलेत, त्यांचं चालू हाय." मला बरंच वाटलं. माझ्या स्वतःच्या क्लासची टेस्ट सिरीज सुरू झाली होती आणि घशाला आराम हवा होता. खरं काय ते मी टीव्ही लावून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण लातुरात ही वाहिनी कोण बघतो? आमच्याकडे तर सर गल्लोगल्ली हिंडत होते.

बारावीच्या मुलींच्या निरोप समारंभाला बाईंनी मला बोलावलं, म्हणून मी जानेवारीअखेर रेल्वेनं किनवटला गेलो. मुलींनी दारात रांगोळी काढली होती. ज्या खोलीत टीव्ही होता, तिच्याबाहेर चपलांची रांग लागलेली होती. तासाला मुली चपला काढून बसायच्या, मी प्रत्यक्ष समोर असल्यासारख्या. बाईंनी मोठ्या अभिमानानं वह्या मागवल्या. प्रत्येकीच्या तीन वह्या, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेल्या. वर सुबक अक्षरात लिहिलेलं : पहिली वेळ, दुसरी वेळ, तिसरी वेळ.

मी सुमित्राची पहिली वही उघडली. सहा धडे. दुसरी उघडली, तेच सहा धडे. तिसरीतही तेच. तीच उदाहरणं, त्याच आकृत्या. मी मध्येच म्हटलेलं 'हसू नका, लिहा' हेसुद्धा तिन्ही वह्यांत लिहिलेलं. मी शेवटच्या पानापर्यंत चाळलं. मी विचारलं, "पुढचे धडे?"

सुमित्रा हसून म्हणाली, "अजून लागले नाहीत, सर. लातूरला एकेक गोष्ट तीन-तीनदा घेतात म्हणे, म्हणूनच तिकडची पोरं पुढं राहतात. आम्ही म्हणलं, हीच ती पद्धत. मन लावून लिहून राहिलो."

दुसरी एक मुलगी म्हणाली, "आणि सर, तुम्ही एका धड्याला तिन्ही वेळा एकच शर्ट घालता. पृष्ठताणाला निळा. आम्ही म्हणलं, सरांचा नियम असंल."

बाई म्हणाल्या, "वर थेट प्रक्षेपण लिहिलेलं असतं ना. मी मराठीची, मला शास्त्रातलं काय कळतं? तुम्ही बोलताय एवढं दिसायचं. मधल्या वेळात ते यश देणाऱ्या पेनाची जाहिरात लागायची, तुमच्याच वाहिनीवर आहे म्हणून मी सगळ्या मुलींना एकेक मागवून दिला."

प्रत्येकीच्या खिशाला तो सोनेरी रंगाचा पेन होता. पुस्तकात वीस धडे होते आणि परीक्षा तीन आठवड्यांवर. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी ते केलं नाही. मी उभा राहिलो, तयारी छान आहे म्हणालो, शांत डोक्यानं पेपर लिहा म्हणालो, आणि टाळ्या घेऊन खाली बसलो. नारळ आणि शाल घेतली. आणि रात्रीच्या गाडीनं लातूरला परतलो.

दुसऱ्या दिवशी मी छत्रीभाऊंच्या दुकानात गेलो. तिथं त्यांनी सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. दिवाळीनंतरचे वाहिनीवरचे तास त्यांनी पेनवाल्याला आणि भाग्याची अंगठी विकणाऱ्याला देऊन टाकले होते. अकराची वेळ तेवढी रिकामी ठेवली होती, कारण वसतिगृहांना ती लिहून दिली होती, आणि तिथं आमच्या सहा फिती फिरत होत्या.

मी म्हणालो, "भाऊ, सहाच झालेत हे तुम्हाला ठाऊक होतं. प्रत्येक धडा तुम्ही उभं राहून ऐकलात."

"हाव. म्हणूनच तर सांगतो, सर, धडे चांगले हायत. तीनदा ऐकले तर नुकसान न्हाई कुणाचं. रिव्हिजन झाली."

"त्या मुली नापास होतील."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "तुम्ही काल सांगितलं का त्यान्ला?"

मी टेबलावरची पक्कड उचलून परत ठेवली.

"न्हाई ना? लई चांगलं केलं. आता तीन आठवड्यांत पोरींना घाबरवून काय मिळणार? तुम्हाला समज हाय, सर. म्हणून तर तुम्हाला धरलं मी." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही. हाताची नाही. तो हात बरोबर माणसाच्या खांद्यावर पडला होता, याची.

मी बाकीच्या धड्यांच्या नोट्स झेरॉक्स करून, कारण न लिहिता, पोस्टानं पाठवल्या आणि माझ्या टेस्ट सिरीजला लागलो. स्वतः जाऊन पंधरा दिवस राहिलो असतो तर निम्मं तरी सावरलं असतं. पण माझ्या क्लासमध्ये दोन पोरं बोर्डात येण्यासारखी होती, आणि चौकातल्या फ्लेक्सवर त्यांच्या शेजारी माझा फोटो लागणार होता. तो लागला.

निकालानंतर किनवटहून पत्र आलं, बाईंचं. तेवीस मुलींपैकी भौतिकशास्त्रात दोघी सुटल्या होत्या. सुमित्रा त्या दोघींत नव्हती. बाईंनी लिहिलं होतं : 'सर, तुमच्या शिकवण्यात काही कमी नव्हती. तुम्ही एकेक धडा तीनदा घेतलात. उरलेल्या धड्यांच्या नोट्सही पाठवल्यात. मुलींनीच तुमचं नाव राखलं नाही. त्या फार रडतात. त्यांच्या वतीनं मी तुमची माफी मागते.'

ते पत्र घेऊन मी तडक दुकानात गेलो. छत्रीभाऊंपुढे टाकलं आणि म्हटलं, वाचा. वाटलं होतं, फळा धरलेला माणूस आत कुठंतरी असेल, तो हे वाचून खाली बसेल. त्यांनी वाचलं, डोळे पुसले, आणि मला वाटलं, झालं, जागा झाला. म्हणाले, "सर, हे माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या दोन दिवस." मी दिलं.

चौथ्या दिवशी वाहिनीवर पट्टी फिरत होती. 'तुमच्या शिकवण्यात काही कमी नव्हती. तुम्ही एकेक धडा तीनदा घेतलात. – एक अधीक्षिका, किनवट. नव्या वर्षाचे प्रवेश सुरू.'

मी त्यांच्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही. माझ्या घरचं कनेक्शन स्वतः तोडलं. गल्लीत मी कोणाला काही सांगितलं नाही, कारण सांगायला गेलो की निरोप समारंभाशी येऊन अडखळायचो.

पुढचं पडणं सगळ्यांनी पाहिलं. मोबाइल आले, क्लासवाले आपापले धडे फुकट मोबाइलवर टाकायला लागले, मोठ्या कंपन्यांच्या छोट्या छत्र्या घरोघर लागल्या. उपग्रहावरचे तास गेले, वाहिनी गेली, गल्लीतली केबलही गेली. गावोगावच्या वसतिगृहांच्या गच्चीवर त्यांच्या छत्र्या गंजत उभ्या राहिल्या, आणि अर्धापूरकडच्या एका शाळेत तर मी स्वतः पाहिलं, छत्री उलटी टाकून तीत मिरच्या वाळत घातल्या होत्या. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

ते आजारी आहेत, भेटायचं म्हणतात, असा वहिनीचा निरोप आला तेव्हा मी गेलो. तिच्यासाठी गेलो. ज्या खोलीत आम्ही शूटिंग करायचो, तिथंच खाट टाकली होती. माणूस निम्मा झाला होता, दात पडले होते. मला बघून उठून बसायला धडपडले. मला वाटलं, आता माफीचं काहीतरी बोलतील. मी घाबरलो होतो, कारण माफ करावं लागलं असतं. ते म्हणाले, "सर, आता ॲप काढू. त्या फिती अजून हायत माझ्याजवळ. सहा धडे तयारच हायत." वहिनी दाराशी उभी होती, ती तोंड फिरवून आत गेली. महिन्याभरात ते गेले. अंत्ययात्रेला जुनी माणसं बरीच आली होती आणि स्मशानातही जो तो भूकंपातल्या फळ्याबद्दलच बोलत होता. मी मान हलवत होतो. ते सगळं खरंच होतं.

त्यानंतर मला किनवटला जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तोवर मी मनाची समजूत घालायचो, की दोष त्यांचा, मी फक्त शिकवलं. ते गेल्यावर दोष टाकायला माणूसच उरला नाही. बाई कधीच्या निवृत्त झाल्या होत्या. वसतिगृहाच्या दारात मला जी बाई सामोरी आली तिनं मला लगेच ओळखलं. "सर! सुमित्रा मी. इथंच स्वयंपाकाला हाय आता." तिनं खुर्ची आणली, पाणी आणलं, पाया पडली. मी पाय मागे घेतले आणि आधी ऐक म्हणालो.

मी सगळं सांगितलं. धडे वीस होते, आम्ही सहाच भरले होते. तिन्ही वेळा तीच फीत होती, शर्टाचा नियम वगैरे काही नव्हता. आणि निरोपाच्या दिवशी तिची वही हातात धरून मला हे सगळं समजलं होतं आणि मी गप्प बसलो होतो.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही ढ नव्हतो, सर?"

"नव्हता. एकही नव्हती."

"बाबा म्हणले होते, ऑक्टोबरला बस, फॉर्म भरतो. मीच नाही म्हणलं. लातूरच्या सरांनी तीन-तीनदा शिकवूनही ज्याला आलं नाही, त्याला काय येणार. सगळ्याच पोरी असंच म्हणल्या. कुणीच बसलं नाही."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. आत कोणीतरी तिला हाक मारली. ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"हे तवाच सांगायचं होतं ना, सर."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला तिथून उठणं जरा सोपं गेलं असतं. आत मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या, ती भात वाढायला निघून गेली.